कोवळे ऊन, दुपारचे ऊन आणि ‘ड’ जीवनसत्त्व: सांगली-साताऱ्यात ऊन कसे, केव्हा आणि किती घ्यावे

रक्ततपासणीच्या कागदावर ‘ड’ जीवनसत्त्व कमी आले, की आपल्याकडच्या बहुतेक घरांत एकच सल्ला ऐकू येतो: रोज सकाळी सातला कोवळ्या उन्हात अर्धा तास बसावे. त्याच घरातील कॉलेजला जाणारी मुलगी मात्र उन्हाने काळवंडू नये, आणि आता तर कर्करोगही होऊ नये, म्हणून सनकोट, हातमोजे आणि डोळ्यांपुरती फट ठेवलेला स्कार्फ अशा बंदोबस्तात गाडी चालवते. कोवळ्या उन्हात बसणाऱ्या आजोबांना त्या उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही, आणि गहूवर्णी किंवा सावळ्या कातडीच्या या मुलीला रोजच्या थोड्या उन्हाने कर्करोग होण्याची शक्यता फारच थोडी आहे. दुसरीकडे, दिवसभर उन्हात राबणाऱ्या शेतमजुराला या दोघांपेक्षा जास्त संरक्षण हवे असते आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. उन्हाची मात्रा माणूस पाहून ठरवावी लागते. ती कशी ठरवावी, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

शरीरात नेमके काय घडते

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी ‘ब’ गटाचे किरण, ज्यांना यूव्हीबी म्हणतात, तेवढेच ‘ड’ जीवनसत्त्व तयार करतात. साधारण 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे हे किरण त्वचेतील कोलेस्टेरॉलच्या जातीच्या एका पदार्थावर पडले, की त्याचे एक पूर्वरूप तयार होते आणि शरीराच्या उष्णतेने त्याचे हळूहळू डी-3 मध्ये, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वात, रूपांतर होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड अशा दोन ठिकाणी त्यावर प्रक्रिया झाल्यावरच ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याच्या कामी येते. यातील पहिला टप्पा त्वचेच्या जिवंत थरांत घडत असल्यामुळे उन्हातून आल्यावर अंघोळ केली तर जीवनसत्त्व धुऊन जाईल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

यातील एक गोष्ट नीट लक्षात घेतली, तर पुढचे सारे नियम आपोआप उलगडतात. त्वचेतील पूर्वरूप एका मर्यादेपर्यंत साठले, की उन्हात आणखी बसल्याने त्याचेच निरुपयोगी पदार्थांत रूपांतर होऊ लागते. त्यामुळे उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्वाची विषबाधा कधीही होत नाही. पण त्यामुळेच, ठरावीक वेळेनंतर उन्हात थांबण्याचा या बाबतीत काही लाभही उरत नाही. हानीला मात्र अशी मर्यादा नाही. तेच किरण पेशींतील डीएनएवर आघात करीत राहतात. शरीर बहुतेक बिघाड दुरुस्त करते, पण दुरुस्तीतून निसटलेले दोष वर्षानुवर्षे साठत जातात आणि त्यांतूनच काहींना त्वचेचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1992 मध्ये सूर्याच्या किरणांचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला, तो याच कारणासाठी. म्हणून ऊन घ्यायचे ते थोडे, वारंवार आणि त्वचा लालसर किंवा चुरचुरीत होण्याच्या आधी थांबून.

घड्याळापेक्षा सावली पाहावी

सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना वातावरणातून तिरका आणि लांब प्रवास करावा लागतो, आणि त्या वाटेत ओझोनचा थर यूव्हीबी जवळपास सगळे शोषून घेतो. कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, सकाळी उठून बाहेर पडण्याचे इतर फायदेही आहेत. पण ‘ड’ जीवनसत्त्वासाठी ते उपयोगाचे नाही. यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे स्वतःची सावली. सपाट जागी उभे राहून पाहावे: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर सूर्य 45 अंशांच्या वर आहे आणि यूव्हीबी पुरेसे आहे. सावली उंचीपेक्षा लांब असेल, तर ऊन कितीही तापलेले वाटो, जीवनसत्त्व फारसे तयार होणार नाही.

आपल्या भागासाठी यात एक बारकावा आहे. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते, तर सातारा आणि सांगली 74 ते 75 अंशांच्या दरम्यान आहेत. त्यामुळे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, तर साधारण साडेबाराच्या सुमारास. फेब्रुवारीच्या मध्यास ही वेळ पाऊण वाजण्याच्या थोडी पुढे सरकते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबारापर्यंत मागे येते. सांगली आणि सातारा साधारण 17 ते 18 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरच्या अखेरीसही आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य 49 अंशांच्या आसपास वर येतो. म्हणजे उत्तर युरोपात हिवाळ्यात कित्येक महिने ‘ड’ जीवनसत्त्व तयारच होत नाही, तसा प्रकार येथे नाही.

हिशोब मांडला, तर वेळा अशा निघतात. डिसेंबरच्या अखेरीस उपयोगी ऊन साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन एवढेच असते. मार्चच्या मध्यापासून ते दहाच्या आतच सुरू होते. मे महिन्यात तर सकाळी साडेनऊच्या सुमारासच सावली आपल्याहून आखूड झालेली असते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांत पारा चाळिशीला टेकलेला असताना, भर दुपारी ऊन घ्यायला बसणे हा निव्वळ वेडेपणा आहे. तेव्हा उष्माघाताचा धोका खरा असतो आणि साडेनऊ-दहाचे ऊन पुरेसे असते. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य अगदी माथ्यावर असतो आणि निरभ्र आकाशात अतिनील निर्देशांक, म्हणजे या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, 11 च्या पलीकडे जाऊ शकतो. हा निर्देशांक हवामानाच्या बहुतेक मोबाइल ॲपवर दिसतो. 3 किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा जास्त वेळ बाहेर राहणाऱ्याने संरक्षण घ्यावे, आणि 8 च्या पुढे असेल तर नक्कीच घ्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि उष्णतेसारखे जाणवतही नाहीत. महाबळेश्वर किंवा कासच्या पठारावर गार वारा सुटलेला असताना ऊन लागत नाही असे वाटते, पण दर हजार मीटर उंचीमागे हे किरण सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे पठारावर सहलीला गेलेल्या माणसाचे नाक आणि मान संध्याकाळी भाजलेली निघते. विरळ ढगांतूनही बरेच किरण खाली येतात. मात्र पाटण, जावळी, महाबळेश्वरकडील आषाढ-श्रावणातील दाट ढगांत हा विचारच सोडून द्यावा. रक्तातील साठा दोन ते तीन आठवड्यांत निम्म्यावर येऊ शकतो. पावसाळ्यानंतर तपासणीत आकडा खाली आलेला दिसला, तर त्याचे एक कारण हे असते.

प्रत्यक्ष ऊन कसे घ्यावे

बैठे काम करणाऱ्या, गहूवर्णी ते सावळ्या रंगाच्या निरोगी प्रौढ माणसाने आठवड्यातून चार-पाच दिवस, सावली आखूड असण्याच्या वेळेत, 20 ते 30 मिनिटांपासून सुरुवात करावी. रंग अधिक काळा असेल, तर हा वेळ वाढवावा लागतो, कारण मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य जसे हानीपासून वाचवते तसेच जीवनसत्त्वाच्या निर्मितीलाही आड येते. पुण्यात प्रौढ पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात, नेहमीच्या कपड्यांत वावरताना पुरेशी पातळी टिकवण्यासाठी रोज सुमारे तासभर ऊन लागते असे आढळले होते. परदेशी लेखांत वाचायला मिळणारी दहा मिनिटांची मात्रा गोऱ्या कातडीसाठी असते. ती आपल्याला पुरत नाही.

यातही कोणता भाग उघडा ठेवला हे वेळेइतकेच महत्त्वाचे आहे. चेहरा हा शरीराच्या त्वचेचा अगदी लहान हिस्सा, पण आयुष्यभराचे सर्वांत जास्त ऊन त्यालाच मिळते आणि बेसल सेल प्रकारचा, म्हणजे वरच्या त्वचेच्या तळाच्या पेशींचा, कर्करोग सर्वाधिक तेथेच होतो. याउलट एका हाताची त्वचा साधारण 9 टक्के आणि एका पायाची 18 टक्के असते. म्हणून टोपी, छत्री किंवा पदराने चेहरा झाकावा आणि हात, पोटऱ्या, पाठ यांवर ऊन घ्यावे. पुरुषांनी गच्चीत बनियन काढून पाठ उन्हाकडे करून बसण्यात संकोच मानू नये. बाहेर उघड्यावर बसणे ज्यांना रुचत नाही, किंवा बाहेर पडताना ज्या बुरखा वापरतात, अशा स्त्रियांनी गच्चीचा किंवा परसाचा आडोसा करून घ्यावा. फाल्गुन-चैत्रात कुरडया-पापडांचे वाळवण घालताना आणि उलथताना बाह्या वर सारून काम केले, तर ऊन आपसूकच मिळते. खिडकीच्या काचेआड बसून मात्र काही साधत नाही: काच यूव्हीबी अडवते आणि त्वचेला सुरकुत्या पाडणारे ‘अ’ गटाचे किरण बऱ्याच प्रमाणात आत सोडते, म्हणजे तोटा पदरात पडतो आणि फायदा बाहेर राहतो.

सनस्क्रीनविषयी थोडक्यात. एसपीएफ (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) 30 चे मलम पुरेशा जाड थरात लावले, तर सुमारे 97 टक्के यूव्हीबी अडवते. प्रत्यक्षात बहुतेक लोक ते फार पातळ लावतात आणि दर दोन तासांनी पुन्हा लावत नाहीत, त्यामुळे त्याने जीवनसत्त्वाची मोठी कमतरता झाल्याचे दिसत नाही. सावळ्या त्वचेच्या निरोगी माणसाला ते मुख्यतः वांग आणि काळे डाग टाळण्यासाठी उपयोगी पडते. ज्याला परवडत नाही त्याने त्याविना आपण धोक्यात आहोत असे समजू नये. घट्ट विणीचा, गडद रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा त्याच्याइतकाच, किंबहुना अधिक भरवशाचा असतो.

शेतात राबणाऱ्यांसाठी वेगळा नियम

दिवसाचे सहा-आठ तास उघड्यावर काढणाऱ्याने वेगळे ऊन घेण्याचा प्रश्नच येत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या, हळद शिजवून ती खळ्यावर वाळत घालणारे, रस्त्याच्या कामावरचे मजूर, मेंढपाळ, इमारतींचे गवंडी यांना ‘ड’ जीवनसत्त्वासाठी लागणारे ऊन दुपारच्या जेवणाआधीच मिळून गेलेले असते. उरलेला दिवस नुसत्या हानीचा. आपल्या भागातील स्त्रिया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून शेतात जातात, ती पद्धत आरोग्याच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. पुरुष मात्र अनेकदा टोपी घालतात आणि मान, कान व खालचा ओठ उघडा ठेवतात. गांधी टोपीने टाळू झाकली जाते, पण कान आणि मान झाकली जात नाही; त्यासाठी फेटा, उपरणे किंवा रुंद काठाची टोपी हवी. घामाने किंवा पाण्याने ओला झालेला पातळ सुती कपडा कोरड्यापेक्षा अधिक किरण आत सोडतो, हेही लक्षात ठेवावे. डोळ्यांचे नुकसान तर त्वचेपेक्षा लवकर दिसते: बुबुळाकडे सरकत येणारे मांस आणि लवकर येणारा मोतीबिंदू या दोन्हींमागे वर्षानुवर्षांचे ऊन हे एक कारण असते.

ज्यांनी उन्हावर अवलंबून राहू नये

काही जणांनी ‘ड’ जीवनसत्त्व उन्हातून मिळवण्याचा प्रयत्नच करू नये. त्यांच्यासाठी गोळी हाच मार्ग आहे. जन्मतः त्वचेत रंगद्रव्य नसलेली, म्हणजे अल्बिनिझम असलेली माणसे यांत पहिली येतात. आपल्या देशात त्यांना त्वचेच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या मानाने खूपच अधिक असतो आणि तो कमी वयातही होतो. अशा मुलाला शाळेत पहिल्या दिवसापासून पूर्ण बाह्या, टोपी, गॉगल आणि खेळाच्या तासाला सावली मिळाली पाहिजे, हे शिक्षकांना स्पष्ट सांगावे. कोड म्हणजे अल्बिनिझम नव्हे. कोडाच्या डागांना ऊन लवकर भाजते म्हणून तेथे काळजी घ्यावी, एवढेच. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, ल्युपसचे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराचे) रुग्ण, आणि पूर्वी त्वचेचा कर्करोग होऊन गेलेले यांनीही ऊन टाळावे. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकासारखी काही औषधे त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात, तेव्हा नवीन औषध सुरू करताना तसे विचारून घ्यावे.

तान्ह्या बाळाला तेल लावून उन्हात निजवण्याची आपल्याकडची रीत मालिशीपुरती चांगली आहे. पण केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाची ‘ड’ जीवनसत्त्वाची गरज तिने भागत नाही, आणि कडक ऊन त्याच्या कातडीला झेपत नाही. अशा बाळाला पहिले वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब द्यावेत, असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. मुडदूस टाळण्याचा तोच खात्रीचा उपाय आहे. साठीपुढच्या माणसांच्या त्वचेत हे जीवनसत्त्व तरुणांच्या तुलनेत बरेच कमी तयार होते, त्यामुळे घरातच असणाऱ्या वृद्धांच्या बाबतीतही गोळीचाच विचार आधी करावा.

गोळ्या, पाकिटे आणि इंजेक्शने

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रौढांसाठी रोजची गरज 600 युनिट आणि सुरक्षित वरची मर्यादा 4,000 युनिट ठरवली आहे. आहारातून एवढे मिळणे आपल्याकडे अवघड जाते: तेलकट मासे, अंड्याचा बलक आणि जीवनसत्त्व मिसळलेले दूध व तेल एवढेच त्याचे खरे स्रोत, आणि शाकाहारी घरात तर दूध-तेलच उरते. पिशवीवर अधिकच्या खुणेपुढे एफ असे निळे चिन्ह असेल, तर ते पोषणमूल्य वाढवलेले आहे असे समजावे. तरी अशा दुधाच्या एका लिटरात साधारण 200 ते 300 युनिटच असतात. सोबत नाचणी, तीळ, दूध-दही यांतून कॅल्शियम मिळाले नाही, तर नुसत्या ‘ड’ जीवनसत्त्वाने हाडे सुधारत नाहीत.

औषधाच्या दुकानात 60,000 युनिटची पाकिटे सहज मिळतात. ती आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असतात. रोज एक घेऊन महिने काढणारे लोक आढळतात आणि त्यांच्या रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी, मुतखडा आणि गोंधळलेपणा असे त्रास होऊ शकतात. वर्षातून एकदाच घ्यायच्या जबर मात्रेबद्दलही सावध राहावे: सत्तरीपुढील स्त्रियांना वर्षाला एकदम 5 लाख युनिट देणाऱ्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांचे पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले होते.

रक्ततपासणी प्रत्येकाने करण्याची गरज नाही. हाडांत सतत दुखणे, मांडी घालून बसल्यावर उठताना त्रास, किरकोळ पडण्याने हाड मोडणे, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, फिट्सची औषधे यांपैकी काही असेल, तर ती करावी. आकडा 20 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल, तर बहुतेक निरोगी माणसांना तो पुरेसा असतो. प्रयोगशाळेच्या कागदावर 30 च्या खाली सर्वांना ‘अपुरे’ असे छापलेले असते. तेवढ्यावरून औषध सुरू करू नये.

त्वचेवर काय शोधावे

भारतात त्वचेचा कर्करोग एकूण कर्करोगांच्या मानाने थोडा आढळतो, आणि आपल्याकडचा बराचसा भाग उन्हाशी थेट संबंधितही नसतो. त्यामुळे केवळ उन्हात काळवंडलेल्या जागा पाहत राहणाऱ्याच्या नजरेतून खरी जागा सुटते. मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग, आपल्या लोकांत बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. पायाच्या अंगठ्याच्या नखात नवी काळी रेघ उमटली आणि ती रुंदावत नखाच्या मुळाच्या कातडीत पसरली, तर ठेच लागली असेल म्हणून सोडून देऊ नये. जुन्या भाजल्याच्या व्रणावर, मग तो चुलीचा असो की गुऱ्हाळातील काहिलीचा, वर्षांनंतर चिघळणारी आणि न भरणारी जखम झाली, तर तीही तपासून घ्यावी. घट्ट बांधलेल्या धोतराच्या गाठीखाली कमरेला होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 मध्येच केले होते. साडीच्या परकराच्या नाडीखालीही तो आढळतो. कमरेला काळा, खवलेदार, सतत घासला जाणारा पट्टा असेल, तर नाडी रुंद करावी, गाठीची जागा बदलत राहावी, आणि तेथे जखम झाली तर दाखवावी.

चेहऱ्यावरील चकचकीत कडांची काळपट गाठ, खालच्या ओठावरचा न जाणारा खवला, आकार, रंग किंवा कडा बदलणारा तीळ, आणि चार आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम ही दाखवण्यासारखी लक्षणे आहेत. हळद, चुना किंवा झाडपाल्याचा लेप लावून वाट पाहू नये, आणि स्वतः चाकू-ब्लेडने खरवडू नये. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना जखम कधीपासून आहे, ती कशी बदलत गेली, आधी तेथे काय होते आणि कोणती औषधे लावली हे लिहून न्यावे. मोबाइलवर काढलेले आधीचे फोटो असतील तर तेही दाखवावेत. निदानासाठी तुकडा काढून तपासण्यास सांगितले, तर नकार देऊ नये. सुईने किंवा चाकूने गाठ पसरते, हा समज अजूनही अनेकांना उपचारांपासून लांब ठेवतो. बेसल सेल प्रकारचा कर्करोग लवकर काढून टाकला, तर बहुतेक रुग्णांना त्यापुढे दुसऱ्या उपचाराची गरज लागत नाही.